पदकापुरते हॉकीप्रेम

८ ऑगस्ट २०२४ च्या सायंकाळी पॅरिसमध्ये भारताने स्पेनचा २-१ असा पराभव करून हॉकीतील कांस्यपदक जिंकले. टोकियोनंतरचे हे सलग दुसरे पदक. लागोपाठच्या दोन ऑलिंपिकमध्ये हॉकीचे पदक मिळण्याचा योग १९६८ आणि १९७२ नंतर प्रथमच आला. कर्णधार हरमनप्रीतसिंगचे दोन गोल आणि गोलरक्षक श्रीजेशने निवृत्तीपूर्वी गोलखांबांपुढे वाकून केलेले नमन, ही दृश्ये महाराष्ट्रातील घराघरांत पाहिली गेली. मोबाइलवर अभिनंदनाचे संदेश फिरले, ध्यानचंदांचे कृष्णधवल छायाचित्र पुन्हा एकदा सर्वांच्या संग्रहातून बाहेर निघाले. राष्ट्रीय खेळाला पुन्हा वैभवाचे दिवस आले, असे ज्याने त्याने ठरवून टाकले. (हॉकीला राष्ट्रीय खेळाचा अधिकृत दर्जा कधी दिलेलाच नाही, असे केंद्रीय क्रीडा मंत्रालयाने माहितीच्या अधिकाराखालील एका अर्जाच्या उत्तरात २०१२ सालीच कळविले होते. पण उत्साहाच्या भरात अशा किरकोळ गोष्टींकडे कोण पाहतो?)

तीन आठवड्यांनी, २९ ऑगस्टला, ध्यानचंदांच्या जयंतीदिनी म्हणजे राष्ट्रीय क्रीडादिनी, शाळाशाळांतून हारतुरे झाले. त्यानंतर सारे शांत. त्याच वर्षीच्या डिसेंबरात हॉकी इंडिया लीग सात वर्षांच्या खंडानंतर पुन्हा सुरू झाली. पुरुषांचे आठ संघ उतरले. तामिळनाडूचा होता, ओडिशाचा होता, बंगालचा होता, उत्तर प्रदेशाचा होता. महाराष्ट्राचा एकही नव्हता. याबद्दल पुण्यात वा मुंबईत कोणी खंत व्यक्त केल्याचे ऐकिवात नाही. ऑगस्टमध्ये ज्यांचा ऊर भरून आला होता, त्यांच्यापैकी बहुतेकांना डिसेंबरात काही उणे आहे हे जाणवलेसुद्धा नाही.

हॉकीच्या दुर्दशेची चर्चा आपल्याकडे नेहमी संघटनेच्या दारापासून सुरू होते आणि सरकारच्या दारापाशी संपते. तिसरे एक दार आहे, ते प्रेक्षकाचे. ते कोणी ठोठावत नाही. कारण ते ठोठावायचे म्हणजे आपल्याच घराचे दार ठोठावणे आहे.

एका वर्षाची कथा

या प्रेमाचे खरे स्वरूप पाहायचे असेल तर २००७ हे वर्ष आठवावे. त्या वर्षीच्या १० ऑगस्टला 'चक दे! इंडिया' हा चित्रपट प्रदर्शित झाला. काही आठवडे देशाला हॉकीचे वेड लागले. पडद्यावरच्या कल्पित संघाने पडद्यावर विश्वविजेतेपद मिळविले, तेव्हा चित्रपटगृहांत प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवीत होते. बरोबर महिन्याभराने, सप्टेंबरात, चेन्नईत खऱ्या भारतीय संघाने आशिया चषकाच्या अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाला ७-२ असे लोळविले. प्रशिक्षक मुंबईचे ज्योकिम कार्व्हालो होते. संघात खडकीचा विक्रम पिल्ले होता. चित्रपटाने जागे झालेले प्रेम खरे असते, तर त्या दिवशी महाराष्ट्रात दिवाळी व्हायला हवी होती.

तसे झाले नाही. २४ सप्टेंबरला क्रिकेट संघाने जोहान्सबर्गला वीस षटकांचा विश्वचषक जिंकला. २६ सप्टेंबरला मुंबईत विमानतळापासून वानखेडे स्टेडियमपर्यंत उघड्या बसमधून मिरवणूक निघाली. पाऊस कोसळत असताना लाखो लोक तासन्‌तास रस्त्याच्या कडेला उभे होते. राज्य सरकारांनी आपापल्या क्रिकेटपटूंना लाखोंची बक्षिसे जाहीर केली. ज्या वानखेडेवर हा सत्कार झाला, तेथून हाकेच्या अंतरावर चर्चगेटचे हॉकी स्टेडियम आहे. आशिया चषक जिंकून आलेल्या हॉकीपटूंना मात्र आपली दखल घेतली जावी म्हणून उपोषणाला बसण्याचा इशारा द्यावा लागला. विजेत्या संघाने उपोषणाची भाषा करावी, हे दृश्य जगात अन्यत्र क्वचितच पाहायला मिळेल.

यानंतर सहाच महिन्यांनी, मार्च २००८ मध्ये, चिलीतील सांतियागो येथे ऑलिंपिक पात्रता स्पर्धेच्या अंतिम सामन्यात भारत ग्रेट ब्रिटनकडून ०-२ असा हरला. १९२८ पासून ऐंशी वर्षांत प्रथमच भारतीय हॉकी संघ ऑलिंपिकला जाणार नव्हता. त्या सकाळी मात्र सर्वांना हॉकी आठवली. ज्यांनी सप्टेंबरात आशिया चषकाचे वृत्त वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर ओलांडून पुढचे पान उलटले होते, तेच आता पहिल्या पानावरचा मथळा वाचून राष्ट्राच्या अपमानाने व्यथित झाले. कार्व्हालोंनी राजीनामा दिला. खेळाडूंच्या वाट्याला शिव्याशाप आले. विजयाच्या वेळी ज्याने टाळी वाजविली नाही, त्याला पराभवाच्या वेळी शिवी देण्याचा अधिकार कोठून प्राप्त होतो, हा प्रश्न तेव्हाही कोणी विचारला नाही.

२००७ हे वर्ष काही अपवादात्मक नव्हे. डिसेंबर १९९८ मध्ये बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत धनराज पिल्लेच्या नेतृत्वाखाली भारताने ३२ वर्षांनी सुवर्णपदक जिंकले. त्यानंतर लवकरच धनराजसह अनेक ज्येष्ठ खेळाडू संघाबाहेर गेले. मानधन आणि वागणूक यांविषयी तोंड उघडल्याची ती शिक्षा होती, असेच सर्वत्र मानले गेले. धनराज तर पुण्याचा, खडकीचा. आपल्या गावच्या सुवर्णविजेत्या कर्णधाराला असे बाजूला सारले जात असताना पुण्यातील किती सुशिक्षितांनी साधे निषेधाचे पत्र लिहिले? क्रिकेट संघातून एखादा स्थानिक फलंदाज वगळला गेला की चौकाचौकांत होणारे वितंडवाद ज्यांनी ऐकले आहेत, त्यांना या मौनाचे वजन कळेल.

जानेवारी २०१० मध्ये तर हे नाट्य पुण्याच्या अंगणातच घडले. दिल्लीतील विश्वचषक जेमतेम दोन महिन्यांवर आला असताना राष्ट्रीय संघाचे सराव शिबिर पुण्यात चालू होते. थकलेले मानधन मिळावे म्हणून खेळाडूंनी सरावावर बहिष्कार टाकला. देशभर सहानुभूतीची लाट आली, मदतीच्या घोषणा झाल्या. २८ फेब्रुवारीला भारताने पाकिस्तानला ४-१ असे हरविले आणि हॉकीला पुन्हा हृदय देण्याच्या जाहिरातींना भरती आली. ती भरती एका आठवड्यातच ओसरली. ऑस्ट्रेलिया, स्पेन आणि इंग्लंड या तिघांकडून हरून भारत अखेर आठवा आला, तोवर जाहिरातीही बदलल्या होत्या आणि प्रेक्षकही.

सात गोल लक्षात, सुवर्ण विस्मृतीत

येथे आणखी एक कटू गोष्ट बोलणे भाग आहे. आपल्याकडे हॉकीचा उत्साह सर्वाधिक उसळतो तो पाकिस्तानविरुद्धच्या सामन्यात. शत्रुराष्ट्राला मैदानावर नमविण्याचा आनंद स्वाभाविक आहे, त्याबद्दल कोणी लाज बाळगण्याचे कारण नाही. १५ मार्च १९७५ रोजी क्वालालंपूरला अशोककुमारच्या गोलने पाकिस्तानला २-१ असे हरवून भारताने विश्वचषक जिंकला, तो क्षण आजही अंगावर रोमांच उभे करतो. परंतु वर्षाकाठी एखाद्या सामन्यापुरते जागणारे हे राष्ट्रप्रेम जेव्हा खेळाविषयीच्या अज्ञानाशी जोडले जाते, तेव्हा ते आपल्याच माणसांवर उलटते.

१९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत पुरुषांच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानने भारताचा ७-१ असा धुव्वा उडविला. गोलरक्षक मीररंजन नेगी यांच्यावर सामना विकल्याचे, देशद्रोहाचे आरोप झाले. संपूर्ण बचावफळी कोलमडलेली असताना एकटा गोलरक्षक काय करू शकतो, हे ज्याने आयुष्यात एकदा तरी गोलखांबांमध्ये उभे राहून चेंडू अडविला आहे त्याला सांगावे लागत नाही. पण स्टेडियममध्ये आणि दूरचित्रवाणीसमोर बसलेल्यांपैकी किती जण कधी तेथे उभे राहिले होते? याच नेगींनी पुढे १९९८ च्या सुवर्णविजेत्या संघाच्या गोलरक्षकांना घडविले. ज्यांनी त्यांना दूषणे दिली, त्यांच्यापैकी कोणी क्षमा मागितल्याचे ज्ञात नाही.

त्याच १९८२ च्या स्पर्धेत, त्याच दिल्लीत, भारताच्या महिला संघाने सुवर्णपदक जिंकले. त्या संघाची कर्णधार होती एलिझा नेल्सन, पुण्यात जन्मलेली. आज पुण्यातील दहा हॉकीप्रेमींना विचारून पाहावे. सात गोलांचा पराभव दहाही जणांना आठवेल. पुण्याच्या मुलीने आणलेले सुवर्ण एखाद्यालाच. अपमान स्मरणात ठेवायचा आणि आपल्या गावचा सन्मान विसरायचा, ही देशभक्तीची कोणती रीत?

टोकियोत, ऑगस्ट २०२१ मध्ये, महिला संघ उपांत्य सामन्यात अर्जेंटिनाकडून हरला, तेव्हा हरिद्वारजवळील रोशनाबाद येथे वंदना कटारियाच्या घरासमोर फटाके उडवून तिच्या कुटुंबाला जातिवाचक शिवीगाळ करण्यात आली. त्याच वंदनाने चारच दिवसांपूर्वी त्या स्पर्धेत दक्षिण आफ्रिकेविरुद्ध हॅट्‌ट्रिक करून संघाला तारले होते. ऑलिंपिकमध्ये हॅट्‌ट्रिक करणारी ती पहिली भारतीय महिला हॉकीपटू. हिंदू समाजाच्या एकात्मतेची आस बाळगणाऱ्या प्रत्येकाची मान या प्रसंगाने खाली जायला हवी. जिंकली तेव्हा ती भारताची कन्या आणि हरली की आपल्या जातीबाहेरची, असे म्हणणारे शेजारी काही परग्रहावरून आलेले नव्हते.

खडकीची शिडी

महाराष्ट्रात हॉकी रुजलीच नाही, असा एक सोयीस्कर समज आहे. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. १९४८ मध्ये लंडनच्या वेम्ब्ले स्टेडियमवर कालच्या राज्यकर्त्यांना ४-० असे हरवून स्वतंत्र भारताने पहिले ऑलिंपिक सुवर्ण जिंकले, त्या संघात मुंबईच्या खेळाडूंचा मोठा वाटा होता. गोलरक्षक लिओ पिंटो त्यांच्यापैकीच. मुंबईतील गोवेकर ख्रिस्ती वस्त्यांनी, पुण्या-खडकीच्या लष्करी छावण्यांनी आणि रेल्वे, बँका, तेल कंपन्या, मोटार कारखाने यांच्या संघांनी हा खेळ वाढविला. मॉस्कोत १९८० मध्ये सुवर्ण जिंकणारा मर्विन फर्नांडिस, १९८८ च्या सेऊल ऑलिंपिकमधील कर्णधार सोमय्या, पुढे वीरेन रास्किन्हा, एड्रियन डिसूझा ही सारी मुंबईच्या मैदानावर खेळलेली माणसे.

आणि धनराज. खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत, मैदानाची देखभाल करणाऱ्या कर्मचाऱ्याच्या घरात तो वाढला. मोडक्या काठ्या दोरीने, चिकटपट्टीने बांधून आणि फेकून दिलेल्या चेंडूंनी ही भावंडे खेळत. थोरला भाऊ रमेश मुंबईला राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सच्या संघात लागला, धनराज त्याच्यामागून मुंबईला गेला, तेथून महिंद्राच्या संघात कार्व्हालोंच्या हाताखाली आणि तेथून भारतीय संघात. चार ऑलिंपिक, चार विश्वचषक. या प्रवासातील प्रत्येक पायरी नीट पाहावी. पहिली पायरी वसाहतीतले मोकळे मैदान. दुसरी, तेथे संध्याकाळी निव्वळ हौसेने खेळणारी थोरली माणसे, ज्यांना पाहून पोरे शिकतात. तिसरी, स्थानिक स्पर्धा, आणि त्या पाहायला कडेला उभी असलेली पन्नास-शंभर माणसे. चौथी, खेळाच्या बळावर मिळणारी नोकरी. ऑलिंपिक ही त्या शिडीची शेवटची पायरी. आपल्या टाळ्या मात्र सगळ्या त्या शेवटच्या पायरीसाठी राखून ठेवलेल्या. खालच्या पायऱ्या एकेक करून निखळत असताना आपण वर पाहत होतो.

नोकरीची पायरी कशी निखळली, हे मुंबईतील जुने खेळाडू सांगतात. कंपन्यांनी खेळाडूंची भरती आवरती घेतली, कारण स्थानिक लीगमधल्या विजयाची बातमी वाचणाराच उरला नाही. ज्या खेळाला वाचक नाही, त्याला पुरस्कर्ता कोठून मिळणार? कंपनीच्या अधिकाऱ्याला दोष देणे सोपे आहे. पण त्याने रिकाम्या बाकांकडे पाहून निर्णय घेतला, आणि ती बाके आपण रिकामी ठेवली होती.

सामान्य प्रेक्षक यावर म्हणेल, "संघ जिंकू लागला की आम्ही येऊ." हा युक्तिवादही टिकत नाही. २०१२ मध्ये वर्ल्ड सिरीज हॉकी नावाची स्पर्धा झाली. पुण्याचा संघ अंतिम फेरीत पोहोचला आणि तो अंतिम सामना महाराष्ट्रातच, मुंबईत झाला. पंजाबच्या संघाने पुण्याला हरविले. ती स्पर्धा एका हंगामातच बंद पडली. पुढे हॉकी इंडिया लीगमध्ये मुंबईचा संघ २०१३ च्या पहिल्या हंगामात तळाला राहिला. त्याच्या जागी आलेला मुंबईचा दुसरा संघ २०१७ मध्ये थेट उपविजेता ठरला. पाच वर्षांत महाराष्ट्राचे दोन संघ दोन राष्ट्रीय स्पर्धांच्या अंतिम फेरीत खेळले. त्यांच्या एका तरी खेळाडूचे नाव वाचकाने आठवून पाहावे. आठवत नसेल तर दोष खेळाडूंच्या कर्तृत्वात नाही.

युवराज वाल्मीकीची गोष्ट त्याहून बोलकी आहे. सप्टेंबर २०११ मध्ये चीनमधील ओर्डोस येथे आशियाई अजिंक्यपद स्पर्धेच्या अंतिम सामन्यात भारताने पाकिस्तानला पेनल्टी फटक्यांवर हरविले. निर्णायक गोल मुंबईच्या युवराजचा. संघटनेने प्रत्येक खेळाडूला २५ हजार रुपये देऊ केले आणि खेळाडूंनी ते अपमानास्पद म्हणून नाकारले. तेव्हा वृत्तवाहिन्या त्याच्या मरीन लाइन्सच्या घरी पोहोचल्या, तर त्या घरात वीजच नव्हती. गाजावाजा झाल्यावर ती आली. ज्या मरीन ड्राइव्हवर विश्वविजेत्या क्रिकेटपटूंच्या स्वागताला पुढे, ४ जुलै २०२४ रोजी, लाखोंचा समुदाय लोटला, त्या रस्त्यापासून युवराजचे ते घर किती दूर असेल?

क्रिकेटला दोष देणे सोपे

येथवर वाचून अनेकांना वाटेल की सारा दोष क्रिकेटचा. क्रिकेटने हॉकी गिळली, हे वाक्य गेली चाळीस वर्षे इतक्या वेळा उच्चारले गेले आहे की ते तपासून पाहण्याची गरजच कोणाला वाटत नाही. ते तपासायला हवे.

क्रिकेटचा प्रेक्षक काही कमी चंचल नाही. मार्च २००७ मध्ये वेस्ट इंडीजमधील विश्वचषकात भारत पहिल्याच फेरीत गारद झाला, तेव्हा खेळाडूंचे पुतळे जाळले गेले, रांचीत धोनीच्या बांधकाम चालू असलेल्या घरावर हल्ला झाला. सहा महिन्यांनी त्याच धोनीला मुंबईने डोक्यावर घेतले. चंचलपणात दोन्हीकडचे प्रेक्षक सारखेच. मग क्रिकेट त्या आपत्तीतून सहा महिन्यांत सावरले आणि हॉकी १९७६ च्या मॉन्ट्रियलपासून चार दशके का सावरली नाही?

उत्तर मैदानावर नाही, गल्लीत आहे. क्रिकेटचा संघ हरला त्याच संध्याकाळी प्रत्येक वाडीत, सोसायटीच्या आवारात, शेताच्या बांधावर पोरे फळी आणि रबरी चेंडू घेऊन क्रिकेटच खेळत होती. पुतळा जाळून घरी परतलेल्या तरुणाने रविवारी सकाळी पुन्हा पॅड बांधले. प्रेक्षकाचा राग आला-गेला. खेळणाऱ्याची सवय तशीच राहिली. हॉकीला हे खालचे पाणी उरले नाही. हॉकीचा बहुसंख्य चाहता असा आहे की त्याने काठी कधी हातात धरली नाही, त्याच्या मुलाने धरलेली नाही आणि नातू धरण्याची शक्यता नाही. असा चाहता निष्ठावान राहणार तरी कशाच्या आधारावर? त्याला चषकाखेरीज दुसरे काही दिसतच नाही. पेनल्टी कॉर्नरच्या वेळी गोलपोस्टमधून सुसाट धावत जाऊन फटक्याच्या वाटेत अंग घालणाऱ्या पहिल्या धावपटूचे धाडस, मधल्या फळीतल्या खेळाडूने चेंडूशिवाय केलेली पन्नास यार्डांची धाव, हे सारे त्याच्या डोळ्यांना अदृश्य. त्यामुळे ०-१ ने हरलेल्या उत्तम सामन्यात त्याला आनंद मिळू शकत नाही. आनंद नाही तर तो परत येईल कशाला?

दुसरी सबब कृत्रिम मैदानाची. मॉन्ट्रियलला ऑलिंपिकची हॉकी प्रथमच कृत्रिम पृष्ठभागावर खेळली गेली, भारत सातवा आला आणि तेव्हापासून आपल्याकडे सर्व अपयशांचे खापर हिरव्या गालिच्यावर फोडले जाते. यात तथ्यांश आहे. असे मैदान घालायला कोट्यवधी रुपये लागतात, त्याला पाणी लागते, त्याची निगा राखावी लागते, आणि दीर्घकाळ देशात ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. पण ऑलिंपिकच्या तयारीसाठी लागणारे मैदान आणि संध्याकाळी तासभर घाम गाळण्यासाठी लागणारे मैदान यांत फरक आहे. वीस जण मातीच्या पटांगणावर हॉकी खेळू लागले तर त्यांना आंतरराष्ट्रीय महासंघ अडवायला येत नाही. काठ्या तर आपल्याच जालंधर-मेरठला बनतात आणि सुरुवातीची काठी क्रिकेटच्या बऱ्या बॅटपेक्षा स्वस्त पडते.

शिवाय आता मैदान नाही ही तक्रारही पूर्वीसारखी उरलेली नाही. बालेवाडीला आहे, पिंपरीच्या नेहरूनगरला आहे, जेथे २०२१ च्या डिसेंबरात पुरुषांची राष्ट्रीय स्पर्धा झाली. चर्चगेटला तर कित्येक वर्षांपासून आहे. उणीव मैदानाची कमी, पायांची अधिक.

संघटनेचे दोष कोणी झाकू नयेत. जुन्या महासंघातील मनमानी, २००८ मधील लाचप्रकरण, त्यानंतर दोन संघटनांनी एकाच खेळावर सांगितलेला हक्क, लंडन ऑलिंपिकमधला बारावा म्हणजे शेवटचा क्रमांक, या साऱ्याची जबाबदारी पदाधिकाऱ्यांचीच. परंतु ज्या खेळाकडे समाजाचे लक्ष चार वर्षांतून पंधरा दिवस असते, त्या खेळाचे पदाधिकारी उरलेले दिवस कोणाला भिऊन वागतील?

सुंदरगढचा बोकड

ओडिशाच्या सुंदरगढ जिल्ह्यात गावोगाव हॉकीच्या स्पर्धा होतात. विजेत्या संघाला बक्षीस असते बोकड, कधी कोंबडी. सामना संपला की त्याच संध्याकाळी सारे गाव मिळून ते बक्षीस शिजविते. दिलीप तिर्की ज्या सौनामारा गावातून आला, तेथे हा खेळ म्हणजे जीवनक्रमाचा भाग आहे. नांगर, जत्रा आणि हॉकी. भारत ऑलिंपिकमध्ये आठवा येवो की बारावा, तेथील पुढच्या रविवारचा सामना ठरलेला असतो. २०१८ पासून ओडिशा सरकारने राष्ट्रीय संघांचे प्रायोजकत्व घेतले, राउरकेल्यात बिरसा मुंडांच्या नावाने वीस हजारांहून अधिक आसनांचे स्टेडियम उभारून २०२३ च्या विश्वचषकाचे सामने तेथे भरविले, त्याचे कौतुक सर्वत्र होते आणि ते योग्यच आहे. परंतु ते स्टेडियम मोकळ्या माळावर उगवलेले नाही. त्याच्या पायाखाली अनेक पिढ्यांचे बोकड आहेत.

आता सुंदरगढवरून दृष्टी वळवून आपल्या नगरांतील एखाद्या नव्या सोसायटीच्या प्रवेशद्वारापाशी यावे. 'आवारात खेळण्यास मनाई आहे' ही पाटी तेथे प्रथम दिसते. आत राहणारी कुटुंबे सुसंस्कृत, देशाभिमानी, ऑलिंपिकच्या काळात पहाटे उठून सामने पाहणारी. त्यांच्या मुलांची दिनचर्या मात्र शाळा, शिकवणी, दुसरी शिकवणी आणि झोप अशी. शाळेतला खेळाचा तास गणिताच्या सरांनी केव्हाच घेतला आहे आणि पालकसभेत त्याबद्दल त्यांचे आभारच मानले जातात. शाळेचे मैदान डिसेंबरात लग्नांना भाड्याने जाते. मुलाने चुकून खेळात रस दाखविलाच, तर आई-वडिलांचा पहिला प्रश्न, यात 'करिअर' आहे का? म्हणजे खेळायचे तर ऑलिंपिकपर्यंत, नाहीतर मुळीच नाही. या दोन टोकांच्या मध्ये जी विस्तीर्ण जागा आहे, जेथे बँकेतला कारकून, शाळेचा शिक्षक, दुकानदार आणि महाविद्यालयीन मुलगा संध्याकाळी एकत्र येऊन कसल्याही लाभाविना खेळतात, हरतात, भांडतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येतात, ती जागा मध्यमवर्गाने सोडून दिली आहे.

चाळिशीनंतरचे पुरुष तर खेळाशी असलेले नाते पूर्णतः दूरचित्रवाणीच्या स्वाधीन करून मोकळे झाले आहेत. चालायला जातात, तेही वैद्याने सांगितले म्हणून. स्त्रियांना तर मैदान लग्नाआधीच परके होते. अशा घरात एलिझा नेल्सन कोठून घडणार?

हे चित्र सर्वत्र एकसारखे नाही, हेही सांगितले पाहिजे. खडकीत आजही पोरे काठ्या घेऊन निघतात. मुंबईत जुने खेळाडू स्वतःच्या खर्चाने मुलांना शिकवितात. त्यांच्या सामन्यांना कडेला उभे राहायला कोणी जात नाही, एवढेच.

कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांचे उदाहरण मराठी माणूस अभिमानाने देतो. १९५२ मध्ये हेलसिंकीहून कुस्तीचे कांस्यपदक घेऊन ते परतले, तेव्हा बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. ती मिरवणूक सर्वांना ठाऊक आहे. नंतरची तीस-बत्तीस वर्षे त्या माणसाने कशी काढली, याविषयी १९८४ मध्ये अपघातात त्यांचे निधन होईपर्यंत कोणाला फारशी चौकशी करावीशी वाटली नाही. अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला तो २००१ मध्ये, मरणोत्तर. मिरवणूक आपल्याला उत्तम काढता येते. त्यात आपण पिढ्यान्‌पिढ्या तयार झालो आहोत.

सप्टेंबर २०२५ मध्ये बिहारमधील राजगीर येथे भारताने दक्षिण कोरियाला ४-१ असे नमवून पुन्हा आशिया चषक जिंकला. अठरा वर्षांपूर्वीच्या चेन्नईप्रमाणेच प्रतिस्पर्धी तोच आणि महाराष्ट्रातील प्रतिसादही जवळपास तसाच. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला संघटित भारतीय हॉकीची शताब्दी पूर्ण झाली. तीही आली आणि गेली.

आजवर हॉकीला एक आधार होता. ऑलिंपिकच्या त्या पंधरवड्यात सांघिक खेळांत तिला देशात प्रतिस्पर्धी नव्हता, त्यामुळे चार वर्षांतून एकदा का होईना, सारा देश तिच्याकडे पाहत असे. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये क्रिकेटचा समावेश झाला आहे. हे तेच शहर, जेथे १९३२ मध्ये भारताने यजमान अमेरिकेला २४-१ असे हरवून हॉकीचे सुवर्ण जिंकले होते. तेथे यापुढे दोन भारतीय संघ असतील, एकाच्या हाती बॅट आणि दुसऱ्याच्या हाती काठी. पॅरिसच्या रात्री ध्यानचंदांचे छायाचित्र पाठविणाऱ्या घरांत तेव्हा दोन्ही सामने एकाच वेळी दिसत असतील, आणि घरात रिमोट एकच असेल.